मामेसासऱ्यांचं ‘काबरं?’

जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं कुठे असतात ते मला ठाऊक नाही, पण जगातले सगळे प्रश्न कुठे राहतात ते मी छातीठोक सांगू शकतो. ते धुळ्याला देवपुरात, माझ्या मामेसासऱ्यांच्या घरी राहतात. पहाटे त्यांच्याबरोबर उठतात, त्यांच्याच कपातला चहा पितात आणि दिवसभर त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून एकेक करून बाहेर पडतात. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. विजेची मीटरं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मीटर बिघडलेलं असलं की बाकीचे तपासनीस थांबत आणि नीट असलं की पुढच्या घराकडे वळत. हे नीट चाललेल्या मीटरापुढेही उभे राहायचे आणि घरमालकाला विचारायचे, "इतकं नीट चालतंय, काबरं?" त्यावर घरमालकाला घाम फुटायचा आणि खरंच काहीतरी निघायचंही. आमच्या खानदेशात ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘का’ला ‘काबरं’ म्हणतात. इतरांच्या तोंडी तो साधा शब्द आहे; मामांच्या तोंडी तो स्क्रू ड्रायव्हर आहे. तो त्यांनी एकदा खाचेत बसवला की समोरची वस्तू, मग ते यंत्र असो की माणूस, उघडल्याशिवाय राहत नाही.

माझी आणि या ‘काबरं’ची पहिली गाठ मला बघायला मंडळी आली तेव्हाच पडली. बाकीचे पाहुणे माझं शिक्षण, माझी नोकरी (शाळेत चित्रकला शिकवतो, हे ऐकून दोघांनी सुस्कारे सोडले), माझी उंची वगैरे बघत होते. मामा दाराजवळ काढलेले माझे बूट बघत होते. जरा वेळाने ते एक बूट हातात घेऊनच बैठकीत आले. "जावईबापू," अजून काहीच ठरलेलं नव्हतं, तरी ते जावईबापूच म्हणाले, "दोन्ही बुटांच्या टाचा शाबूत आहेत, आणि उजव्याचा फक्त पुढचा तळ घासलाय. काबरं?" माझ्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग मामाच अंगणात गेले, माझ्या स्कूटरचा ब्रेक दाबून आले आणि सगळ्यांसमोर निकाल जाहीर केला, "पोरगा चांगला शे. फक्त थांबाले बूट वापरस." लग्न ठरलं ते त्या एका वाक्यावर, असं मामी अजून सांगतात. इतक्या प्रामाणिकपणे घासलेला बूट ज्याचा आहे, तो माणूस काही लपवून ठेवू शकणार नाही, असं म्हणे मामांचं मत पडलं होतं. मला अजूनही ही स्तुती होती की निंदा, ते नीटसं कळलेलं नाही.

धुळे-जळगाव एस.टी.त एकदा खिडकीची काच खडखडत होती. आता एस.टी.ची काच खडखडणार नाही तर काय गाणं म्हणणार? पण मामांच्या लक्षात आलं की ती पारोळ्यापर्यंत गप्प होती आणि पारोळा सोडल्यावर खडखडायला लागली. काबरं? कंडक्टर म्हणाला, बाबा, जागा बदला. मामांनी जागा बदलली नाही. दोन्हीकडच्या रस्त्याचा विचार केला, वाऱ्याचा केला, बसायला आलेल्या माणसांच्या वजनाचा केला, आणि एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हरला खाली उतरवून चाकाच्या वरचा एक सैल पत्रा दाखवला. तिथे त्यांनी स्वतःच्या तिकिटाची घडी खोचली. गाडी पुढे निघाली ती अशी मुकी, की लोकांना झोप येईना. पाळधीला तपासनीस चढला आणि त्याने तिकीट मागितलं, ही गोष्ट मात्र मामा सांगत नाहीत. ती मामी सांगतात.

त्यांच्याबरोबर भरीत पार्टीला जायचं म्हणजे जेवून जायचं. थंडीत शेतावर कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यात हिरवी वांगी भाजतात; पन्नास माणसं ताटं धरून बसलेली असतात; आणि तेवढ्यात एखादं वांगं फट्दिशी फुटतं. झालं. "हेच काबरं फुटलं?" कुणीतरी सांगतं, टोचायचं राहिलं असेल. ‘असेल’ या शब्दावर मामांचा विश्वास नाही. मग एक टोचलेलं, एक न टोचलेलं, एक अर्धवट टोचलेलं, अशी वांगी ते स्वतः आगीत मांडतात आणि पन्नास माणसं ताटं धरून निकालाची वाट बघतात. गेल्या खेपेला निकाल माझ्या पांढऱ्या शर्टावर लागला. मी वाकून जवळून बघत होतो. वाकून बघायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

अशा माणसापासून लोक हळूहळू लांब राहायला लागतात. लग्नात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी असते. मामींनी एक वेगळीच युक्ती काढली आहे. त्या ‘हो’ही म्हणत नाहीत, ‘नाही’ही म्हणत नाहीत, "बघा बरं तुम्हीच" म्हणतात आणि भाजी निवडत राहतात. मामांचे प्रश्न संपेपर्यंत थांबणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे धरणगावचे शेठजी. मामांचे शाळेपासूनचे दोस्त. एका बाकावर बसायचे. शेठजींचे पणजोबा राजस्थानातून आले आणि धरणगावात कापडाचं दुकान टाकून बसले. शेठजी स्वतः मामांपेक्षा चांगली अहिराणी बोलतात. मामा महिन्यातून एकदा त्यांच्या दुकानात जाऊन गादीवर बसतात. मांजरपाटाला मांजरपाट का म्हणतात इथपासून ते गिऱ्हाईक आधी किनार बघतं की पोत, इथपर्यंत विचारत राहतात. शेठजी कापड फाडता फाडता उत्तरं देतात आणि उत्तर येत नसेल तर म्हणतात, "भो, हे माले नही माहीत. पुढला टाइमले इचारी ठेवस." आणि खरंच विचारून ठेवतात. पुढच्या महिन्यात उत्तर तयार असतं.

तर आम्ही गाडी घ्यायची ठरवली तेव्हा मामांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, नवी घेऊ नका. "नव्या गाडीले काही झालेलंच नसतं. मंग समजाले काय?" आणि दुसरी, घ्यायचीच तर शेठजींची घ्या, ते विकताहेत. "त्याच्या शब्दावर डोळे मिटून घ्या जावईबापू. मी जबाबदार." ज्या माणसाने आयुष्यात कुणाच्या शब्दावर दुधाची पिशवीसुद्धा घेतली नाही, त्याने असं म्हटल्यावर मी डोळे मिटले.

म्हणजे अगदीच मिटले नाहीत. धरणगावला गेल्यावर आपण जाणकार दिसावं म्हणून मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, कलिंगड वाजवतात तसं छप्पर वाजवलं, चाकाला लाथ मारली, आणि बॉनेट उघडायचं म्हणून जो दांडा ओढला त्याने डिकी उघडली. मी डिकीतच गंभीरपणे वाकून "हं, ठीक आहे" म्हणालो. शेठजी भला माणूस. हसले नाहीत. "भाऊ, जे इचारनं असेल ते इचारा," म्हणाले. मी चित्रकलेचा मास्तर. मला एकच प्रश्न सुचला, रंग मूळचाच आहे का? "रंगाचं सांगता येणार नाही भाऊ. पण एक छातीवर हात ठेवून सांगतो. ही गाडी तापत नाही. मे महिन्यात भर दुपारी भुसावळला न्या, काटा हलणार नाही."

हे वाक्य पुण्याच्या माणसाला किंवा कोकणातल्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात डांबर तापतं, नळाचं पाणी तापतं, टाकीवरचे कावळे तापतात, आणि महामार्गावर कडेला बॉनेट उघडून, डोक्याला उपरणं बांधून उभी असलेली माणसं ही आमच्या उन्हाळ्याची खूण आहे. त्यात जी वस्तू तापत नाही, तिला आम्ही आणखी काही विचारत नाही. मी चावी घेतली.

गाडी माझ्या नावावर व्हायला धुराची तपासणी, म्हणजे पीयूसी, पास होऊन आलेली लागते. त्यासाठी जानेवारीतल्या एका सकाळी मी जळगावात पेट्रोल पंपाजवळच्या पत्र्याच्या टपरीत गेलो. तिथल्या माणसाने गाडीच्या सायलेन्सरात नळी घातली, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "फेल."

"काय फेल?"

"सीओ जास्त येतोय."

"अहो, धूर तर दिसतच नाही."

"दिसत नाही तोच वाईट असतो सर," तो म्हणाला. पुढे त्याने दया येऊन समजावलं की पेट्रोल अर्धवट जळलं की हा वायू निघतो, त्याला रंग नसतो. रंग नसलेल्या गोष्टीबद्दल मला काय कळणार?

मग मी माझे उपाय सुरू केले. शेजारचे केळीचे व्यापारी म्हणाले, पेट्रोल खराब असेल, औषधाची बाटली टाका. टाकली. शाळेतले पीटीचे सर म्हणाले, सायलेन्सर साफ करा. मी बाटल्या धुवायचा ब्रश काठीला बांधून तो साफ केला. ब्रश आत राहिला, काठी बाहेर आली, आणि पुढे दोन दिवस मी काळं शिंकत होतो. ब्रश गाडी चालू केल्यावर आपोआप बाहेर आला आणि शेजाऱ्यांच्या तुळशीजवळ पडला. आणि दुसऱ्यांदा तपासणीला नेण्याआधी तर मी कमालच केली. परीक्षेआधी पोरांचं डोकं शांत ठेवावं, तसं गाडीला दोन तास कडुनिंबाखाली सावलीत उभं केलं, बॉनेटवर दोन बादल्या गार पाणी ओतलं आणि हळूहळू, तिला न दमवता टपरीत नेलं. आकडा पहिल्यापेक्षा वर गेला.

त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली, "मामांच्या दोस्तानं आपल्याला टोपी घातली." हे वाक्य ती नंतर फोनवर आईजवळ बोलली, आईने पारोळ्याच्या मावशीला सांगितलं, आणि मावशीने ते जसंच्या तसं धुळ्याला मामींच्या कानावर घातलं. संध्याकाळी मामांचा फोन आला. "येतो सकाळी," म्हणाले. मी वाट बघत होतो, पण त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

ते आले ते माकडटोपी घालूनच. घरात न येता सरळ गाडीकडे गेले, पाट मागून घेतला, तो सायलेन्सरमागे मांडला आणि पूजेला बसावं तसे बसले. मला गाडी चालू करायला सांगितली. बराच वेळ तळहात धुरासमोर धरला, पांढरा रुमाल धरला, रुमाल हुंगला. "पेट्रोलचा वास येतो. पिते किती?" मी म्हणालो, "मी भरतो तेवढं पिते." त्यांनी माझ्याकडे बुटाकडे पाहावं तसं पाहिलं आणि आमच्याकडेच मुक्काम ठोकला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फिटर आहे. त्याला कुठल्याही गाडीचं दुखणं तिच्याकडे न बघता कळतं, असं त्याचं स्वतःचं म्हणणं आहे. त्याने हवेची जाळी बदलली. फरक नाही. प्लग काढले, ते काजळासारखे काळे. "पेट्रोल जास्त जातंय," तो म्हणाला. "काबरं?" "सेन्सर गेला असेल." त्या ‘असेल’वर मामांच्या भुवया हलल्या, पण त्यांनी सेन्सर बदलू दिला. तरी नापास. आता फिटर म्हणाला, सायलेन्सरमधली धूर गाळायची महागाची जाळीच बदलू. मामा म्हणाले, "अरे भाऊ, सर्दी झाली म्हणून नाक बदलतोस का?" शेवटी फिटर कंटाळला. "बाबा, कशाला जीव काढता? मी तुम्हाला सर्टिफिकेट आणून देतो ना कुठून तरी. काम झाल्याशी मतलब."

मामा हळू म्हणाले, "माले गाडीचं सर्टिफिकेट नको शे."

मग कुणाचं हवं होतं, ते मला तेव्हा कळलं. एवढे दिवस मी समजत होतो, म्हातारा हौसेने लागलाय. पण गाडीत काय बिघाड आहे हा त्यांचा प्रश्नच नव्हता. बिघाड आहे हे शेठजींना ठाऊक होतं का, हा होता. "फोन करून विचारायचं का शेठजींना?" मी म्हणालो. मामांना एकाएकी जमिनीवर पडलेल्या एका वॉशरमध्ये फार रस वाटायला लागला. दुपारी त्यांच्याच फोनवर शेठजींचं नाव झळकलं. त्यांनी फोन पालथा करून मांडीखाली ठेवला आणि वाजणं थांबेपर्यंत हलले नाहीत. जेवतानाही त्यांनी भाजीत मीठ का कमी आहे ते विचारलं नाही. मीठ खरोखर कमी होतं. बायकोने मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हणाली, "मी उगाच बोलले हो ते टोपीचं."

धुळ्याहून मामींचा निरोप आला, घरी या. म्हणून मग मीच त्यांना त्या गाडीतून सोडायला निघालो. सकाळची वेळ, जानेवारीची थंडी, रस्त्यावर धुकं. मामांनी माकडटोपीवरून मफलर गुंडाळला होता. नुसते डोळे दिसत होते. आणि ते डोळे डॅशबोर्डवर फिरत होते.

"हे लाल काय शे?"

"हीटर आहे मामा."

"मंग लावा ना."

मी खरं सांगतो, गाडीत हीटर असतो हे मला पुस्तकी ज्ञान होतं. जळगावात हीटर लावायचा म्हणजे नदीकाठी बसून नळाखाली आंघोळ करायची. ते बटण लाल बाजूला मी कधी फिरवलं नव्हतं, शेठजींनीही कधी फिरवलं नसावं. ते कुरकुरत फिरलं. वारा आला. गार. "थोडं थांबा, इंजिन गरम झालं की गरम येईल," मी ऐकीव माहिती दिली. पाळधी गेलं. मामा वाऱ्यासमोर हात धरून बसलेले. एरंडोल मागे पडलं. वारा अजूनही असा, की जणू कुणी माठाचं तोंड उघडलंय.

"तापमानाचा काटा कुठे शे?"

"हा काय. एकदम खाली. हलतच नाही," मी अभिमानाने म्हणालो. "शेठजी म्हणाले होतेच. तापत नाही."

"इतकं चालून बी?" मामांनी मफलर सोडला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज वर गेला. "काबरं? जावईबापू, काबरं तापत नाही? चुलीवर भांडं तापत नाही तर आपण खूश होतो का? तुमच्या त्या स्कूटरले चोक होता ना? थंडीत चोक ओढायचा. म्हणजे पेट्रोल जास्त जायचं. गाडी गरम झाली की चोक आत सारायचा. विसरले तर?"

"प्लग काळा व्हायचा," मी म्हणालो. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण मी नेहमीच विसरायचो.

"आणि पेट्रोलचा वास यायचा. आता चोक गाडीच ओढते, तिची तीच. आणि ही गाडी समजते, मी आत्ताच उठले, मला थंडी वाजते. दिवसभर चोक ओढूनच चालते ती!"

मला एकदम त्या दोन बादल्या गार पाण्याची आठवण झाली. मी ती मामांना सांगितली नाही.

पारोळ्याला रस्त्याकडेला एक गॅरेज उघडं होतं. तिथल्या फिटरने मामांचं बोलणं ऐकलं, इंजिनावरची एक नळी सोडवली, आत बोट घातलं आणि म्हणाला, "व्हॉल नाही." इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून ठेवणारी आणि तापलं की सोडणारी एक छोटीशी झडप तिथे असते. ती नव्हती. पाणी सदासर्वदा मोकळं फिरत होतं आणि इंजिनाला कधी गरमच होऊ देत नव्हतं. "उन्हाळ्यात कसंबसं चालून जातं हो," तो म्हणाला, "हवाच एवढी गरम. थंडीत धुराला फेल होणारच." मी आनंदाने टाळी वाजवणार होतो. पण मामांनी विचारलं, "झडप काढतं कोण?"

"बठ्ठेच काढतस बाबा आपल्याकडे, सगळेच. कुणी गाडी तापू नये म्हणून काढतं." फिटर हात पुसत होता. "आणि कुणी गाडी तापते हे गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून."

मामा तिथल्या एका जुन्या टायरवर बसले.

मग म्हणाले, "नवी बसव." फिटरने समोरच्या दुकानातून झडप आणून बसवली, पाणी भरलं आणि सांगितलं, "आता जोरात चालवून बघा. आत दबलेली बिमारी असेल तर काटा लालात जाईल." मी धुळ्याकडे वळणार, तर मामा म्हणाले, नाही, मागे, एरंडोलकडे. तिकडे कापसाच्या गाड्यांची गर्दी असते, हळू चालावं लागतं. गाडी तापायची तर तिथेच तापेल.

तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. काटा निघाला. हळूहळू, एखादा म्हातारा जिना चढावा तसा. हीटरमधून ऊन वारा यायला लागला. मामांचं तिकडे लक्षही नव्हतं. काटा मध्यावर आला. समोर कापसाने फुगलेला ट्रक, त्याच्यामागे आमची रांग. काटा मध्याच्या केसभर वर गेला. मी त्याच्याकडे इतका टक लावून बघत होतो की ट्रक थांबल्याचं मला दिसलंच नाही. करकचून ब्रेक दाबला तेव्हा बॉनेटवर कापसाचे चार पुंजके पडले. "समोर बघा जावईबापू," मामा काट्यावरची नजर न काढता म्हणाले, "काटा मी बघतो." एवढ्यात बॉनेटखाली पंखा घुर्रकन सुरू झाला. काटा थांबला. थोडा खाली आला. मध्यावर बसला.

मामांना तेवढ्याने समाधान नव्हतं. गाडी एका बाभळीखाली उभी करवली, इंजिन चालू ठेवलं. काटा जागचा हलेना. पंखा सुरू व्हायचा, थांबायचा. कितीतरी वेळाने मामांनी माकडटोपी काढली आणि तोंडावरून हात फिरवला. त्या चेहऱ्यावर एवढा घाम आलेला होता, की मला वाटलं, हीटर बंद करायला हवा होता.

"चला," म्हणाले, "धरणगावले चहा पिऊ."

शेठजी गादीवरून उठूनच आले. "अरे भो, कितला फोन लायात! काबरं उचलस नही?"

"आवाज बंद व्हता," मामा म्हणाले.

चहा आला. शेठजींनी माझ्याकडे वळून पहिलंच विचारलं, "काय भाऊ, गाडी तापत तर नाही ना?" मी सगळी हकिगत सांगायला तोंड उघडलं, तोच गादीखालून मामांचा पाय माझ्या पायावर पडला, आणि उठला नाही. "नही रे भो," मामा म्हणाले, "बर्फ शे, बर्फ." शेठजींचा चेहरा उजळला. मग ते आपणहूनच सांगायला लागले. एका उन्हाळ्यात पाण्याची नळी फुटून गाडी महामार्गावर बंद पडली होती. सोबत त्यांची बायको. आसपास झाड नाही. ती उन्हाने चक्कर येऊन पडली. "नळी तर बदललीच, पण त्या फिटरला मी हात जोडून सांगितलं, असं कायतरी कर की ही गाडी जन्मात तापली नाही पाहिजे. त्यानं काय काढलं, काय बसवलं, देवाले माहीत. पण तवापासून तापली नाही भाऊ. म्हणून तर तुमच्या हातात दिली. तुमच्या गाडीत बाया, पोरं बसतील."

मामा बशीतल्या चहावर फुंकर घालत ऐकत होते. कोणता फिटर, कोणती नळी, कुठल्या पुलापाशी, असं त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नाही.

पुढे जळगावच्या त्या टपरीत गाडी पहिल्याच नळीला पास झाली, हे मी मामांना फोनवर सांगितलं तर ते नुसतं "बरं" म्हणाले. मला सांगायचंय ते आधीचं, त्या दिवशी आम्ही धरणगावहून धुळ्याकडे निघालो तेव्हाचं. ऊन चढलं होतं. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली, वाळक्या काड्यांची शेतं. मामांनी खिडकी खाली केली होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, एवढे दिवस फिटर केले, सेन्सर बदलला, धड जेवला नाहीत. पहिल्याच दिवशी शेठजींना फोन केला असता तर त्यांनी हे सगळं सांगून टाकलं असतं."

"सांगितलं असतं ना," मामा म्हणाले. "खरंच सांगितलं असतं. सरळ मानूस शे."

पारोळ्याचा किल्ला आला आणि मागे गेला.

"पण मी त्याले विचारलं, हे दोघांच्या बी मनात राहिलं असतं ना," ते म्हणाले, आणि काच वर केली.